जात्याचा सूर आणि पडद्यावरील चित्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या सीमाभागात आयुष्यभर मराठी शिकविली. आपल्या बिदर-कलबुर्गीकडे मराठी शिकविणाऱ्याला घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत कन्नड-इंग्रजी आणि शेजारी उर्दू अशा चौरस्त्यावर उभे राहून शिकवावे लागते. या परिस्थितीची तक्रार न करता तिचेच धडे करणारे जे शिक्षक होऊन गेले, त्यांच्या पंक्तीत गुरुजींचे स्थान होते. त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र विद्यार्थ्यांनी तयार करावयाची गीतचित्रफीत, म्हणजे ज्याला मुले ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात ती, आणि तिचे मूल्यमापन हा विषय निवडला आहे. अलीकडे शाळाशाळांतून असे प्रकल्प दिले जातात. तीन-चार मिनिटांचे एक गाणे घ्यावे आणि मोबाइलवर चित्रे टिपून ती त्याला जोडावीत, एवढेच सांगितले जाते. करणे सोपे झाले आहे. पारखणे अवघड झाले आहे. गुण देताना आपण नेमके कशाला देतो, हा प्रश्न वरवर शालेय वाटतो. या भागात तो भाषेच्या जगण्याचा प्रश्न होतो, असे माझे मत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. गाण्याला चित्र जोडण्याची हौस नवी नाही. आपला बोलपट तर गाण्यांच्याच आधारे उभा राहिला. केवळ गीतचित्रफितींना वाहिलेली ‘एमटीव्ही’ ही वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली आणि या प्रकाराला स्वतंत्र रूप आले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनने ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दाखविले. पीयूष पांडे यांचे शब्द आणि पंडित भीमसेन जोशी यांचा भैरवीतला आरंभ आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल. भीमसेनजी मूळचे धारवाडकडचे, गदगचे, कर्मभूमी पुणे. अभंग आणि दासांची कन्नड पदे एकाच कंठातून कशी निघतात, हे त्यांनी आपल्याला ऐकविले.

ती फीत उत्तम होती. परंतु विद्यार्थ्यांना ती अभ्यासासाठी देताना एक गोष्ट दाखवून द्यावी. तीत प्रत्येक भाषेला आपापली एक ओळ, आपापला वेष आणि आपापला देखावा मिळाला आहे. भाषा एकमेकींना हात देतात, परंतु प्रत्येक भाषा आपल्या खोलीत बसून. देशाच्या एकतेचे चित्र असे काढता येते; सीमाभागाचे चित्र असे काढता येत नाही. आपल्या घरी दोन भाषा एकाच चुलीपाशी बसतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठीत, कन्नडात आणि हिंदीतही पदे रचली. ती गाणाऱ्या भक्ताला आपण भाषेची हद्द ओलांडली असे वाटत नाही.

याहून जुना दाखला आपल्या अंगणातच आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, म्हणजे शंभर अध्यायांच्या या कोशात राज्यकारभारापासून पाकक्रियेपर्यंत सर्व काही आहे. त्यातील संगीतविषयक भागात कोणते गीत कोणत्या प्रसंगी गावे, हे सांगितले आहे. कथेत षट्पदी, विवाहात धवल, उत्सवात मंगल आणि योगिजनांत चर्या असा तो क्रम आहे. त्याच ओघात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद येते. ओवीच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) दीडशतकाहून अधिक आधी, आजच्या बिदर जिल्ह्यातल्या एका राजधानीत, कानडी राजाने संस्कृत ग्रंथात मराठी बायकांच्या ओवीची नोंद केली! राजाने ‘कांडताना’ म्हटले आहे. दळणाचा संबंध आपण पुढे अधिक दृढ केला. परंतु राजाची दृष्टी पाहा. गीत सांगताना त्याने गाणारी कोण, प्रदेश कोणता आणि हातात काम कोणते, या तीन गोष्टी सांगितल्या. गीतचित्रफितीच्या परीक्षकाला याहून चांगला गुरुमंत्र मिळणार नाही.

आता जात्याकडे येऊ. आपल्या भागात ज्वारी दळणारे आणि तूर भरडणारे जाते एकच होते. त्यावरची गाणी मात्र दोन भाषांत होती. मराठी घरात ओवी आणि कन्नड घरात ‘बीसुव कल्लिन पद’, म्हणजे जात्यावरचे पद. कन्नड पद बहुधा त्रिपदी छंदात, तीन ओळींचे. आपली ग्रांथिक ओवी साडेतीन चरणांची. पहिले तीन यमकाने बांधलेले आणि अखेरचा आखूड, मोकळा. बायकांची ओवी त्याहून सैल. ती अक्षरे मोजत नाही, दगडाचा फेरा मोजते. विजापूर जिल्ह्यातील हलसंगीच्या मधुरचेन्न आदी मित्रमंडळींनी ‘गरतिय हाडु’ या संग्रहात कन्नड स्त्रीगीते जपली. इकडे साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये मराठी ओव्या जपल्या. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर माहेर, भाऊ, लेक आणि देव हेच चार खांब दोन्ही मांडवांना दिसतील.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका शाळेच्या नववीच्या मुलींनी केलेली अशी एक चित्रफीत माझ्या पाहण्यात आली. त्यांनी गावातल्या एका आजीबाईंना जुन्या जात्यापाशी बसवून चार ओव्या टिपल्या होत्या. एका ओवीत आजीबाईंनी ‘माहेर’ या अर्थी ‘तवरु’ हा कन्नड शब्द सहज वापरला होता. परीक्षकांच्या शेऱ्यात ‘भाषा अशुद्ध’ असे लिहून गुण कापले होते. छायाचित्रणाला मात्र पूर्ण गुण होते, कारण मावळतीच्या सूर्याची दृश्ये फार सुंदर होती. पुढे त्या मुलींनी ती ओवी काढून टाकली आणि तेथे एका चित्रपटगीताची धून घातली. सुधारलेल्या फितीला अधिक गुण मिळाले. ती फीत आजीबाईंना कोणी दाखविली नव्हती.

या प्रकाराने मला वाईट वाटले ते गुणांमुळे नाही. मुली हुशार होत्या. परीक्षेला काय हवे ते त्यांनी ओळखले. मूल्यमापन म्हणजे विद्यार्थ्याला मौल्यवान काय ते सांगणे असते. आपण त्यांना सांगितले की आजीची खरी भाषा टाकाऊ, सूर्यास्त मौल्यवान आणि गाणारी अनावश्यक. विवाहित लेकीच्या ओठी माहेरासाठी शेजारणीचा शब्द यावा, यात या भूमीचा सारा इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेने जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले; काही भाग आंध्रात गेला. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. ‘तवरु’ हा शब्द त्या सोयरिकीचा पुरावा आहे. तो पुसून काढलेली फीत शुद्ध होईल, खरी राहणार नाही.

मग चांगली फीत कशी करावी? याचे एक मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याकडून आरंभ करून महाराष्ट्रातील हजारांवर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तीन हजारांहून अधिक गायिकांची ती वाणी बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने संगणकावर नोंदली गेली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्यांतील ओव्या ध्वनी आणि चित्रफितींसह प्रकाशित केल्या. त्या फिती मुलांना अवश्य दाखवाव्यात. गायिकेचे नाव आणि गाव सांगितलेले असते, ओवीचा अर्थ खाली दिलेला असतो आणि चित्र गाण्याच्या पुढे धावत नाही. ज्यांनी आयुष्यभर ‘अमक्याची आई’ म्हणून हाक ऐकली, त्या बायांची नावे ओवीखाली कवयित्रीच्या मानाने आली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जात्याची घरघर आवाज गिळून टाकते. म्हणून एक मोबाइल चित्रासाठी ठेवावा आणि दुसरा आवाजासाठी गायिकेच्या जवळ. सुरुवातीस एकदा टाळी वाजवावी, म्हणजे संकलनात चित्र आणि ध्वनी नेमके जुळविता येतात. नुसत्या जात्याचा आवाजही अर्धा मिनिट वेगळा टिपावा. चित्रपटगीताच्या फितीत दृश्य तालाच्या ठोक्यावर बदलते. ओवीत ते चरणाच्या शेवटी, जेथे बाई श्वास घेते, तेथे बदलावे. मध्येच दृश्य तोडले तर अर्थ तुटतो. आणि आजीबाई आज रोज दळत नाहीत, गिरणी गावात कधीच आली, हेही फितीत प्रामाणिकपणे यावे. जाते कोपऱ्यातून ओढून आणले असेल तर तसे दाखवावे.

कायद्याचाही विचार हवा. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर साठ वर्षे संरक्षित असते. वर्गातील अध्यापनापुरती कायदा काही मोकळीक देतो. परंतु चित्रपटाची धून उचलून फीत जगापुढे ठेवणे ही वेगळी गोष्ट. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्कही कायद्यात आला आणि तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणजे मोठ्या गवयाला जो हक्क, तो जात्यावर गाणाऱ्या आजीबाईंनाही. त्यांची संमती घेणे हा शिष्टाचार आहेच, कर्तव्यही आहे. ‘आजी, हे गाणे सगळ्यांना दाखवू का?’ हे त्यांच्या भाषेत, त्यांना समजेल असे विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या तर ऐकावे.

शेवटी गुणांचा हिशेब. शंभर गुण असतील तर मी ते असे वाटीन. शोध आणि नोंदवही यांना २५ : गाणारी कोण, तिने गाणे कोणाकडून घेतले, कोणत्या कामात ते गायले जाई. ध्वनीला २० : शब्द न् शब्द ऐकू येतो काय. चित्र आणि संकलन यांना २० : दृश्य अर्थाला साहाय्य करते काय. भाषा आणि अर्थ यांना २० : बोली जशीच्या तशी ठेवून अवघड शब्दांचा अर्थ दिला आहे काय. उरलेले १५ ऋणनिर्देशाला : गायिकेचे नाव फितीत आहे काय, तिची संमती घेतली काय, आणि तिला फीत दाखविली काय. या शेवटच्या पंधरांतील शेवटची अट पुरी झाल्याशिवाय निकाल जाहीर करू नये. पहिली परीक्षक गाणारीच असावी. ती म्हणाली ‘हे माझेच गाणे’, तर निम्मे काम झाले.

यावर कोणी म्हणेल की सुंदर चित्र काढणाऱ्या मुलावर यात अन्याय होतो. मला तसे वाटत नाही. चित्राला गुण आहेतच. फक्त ते शब्दाहून वरचढ नाहीत. कोणी असेही म्हणेल की बोलीला जागा दिली तर मुलांची प्रमाण मराठी बिघडेल. अनुभव उलट आहे. ‘तवरु’ आणि ‘माहेर’ यांतला संबंध ज्या मुलीने स्वतः लिहून काढला, तिला दोन्ही शब्दांचे वजन कळले. भाषेची शुद्धी निबंधात जरूर तपासावी. आजीच्या तोंडी ती घालू नये.

श्रोतेहो, जात्यावर गाणाऱ्या बायांची ही अखेरची पिढी आपल्या डोळ्यांसमोर आहे. जिच्या ओव्या आज टिपल्या नाहीत, तिच्या ओव्या उद्या टिपता येणार नाहीत. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना विद्यापीठ. मुलांच्या हाती साधन आहे आणि आजी घरी आहे. त्या दोघांची गाठ घालून देणे आणि त्या भेटीचे मोल बरोबर ठरविणे, एवढेच शिक्षकाचे काम. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, गावी जाल तेव्हा आपापल्या घरातील एक तरी ओवी, गाणारीच्या नावानिशी, या शाळेच्या ग्रंथालयात जमा करा. गुरुजींच्या स्मृतीस याहून उचित दुसरी श्रद्धांजली मला सुचत नाही.