गाय द्यायची, पण कोणत्या गोठ्यात?

(मंडळाच्या मदतनिधी संमेलनात एका पशुवैद्यक सभासदाने केलेलं भाषण)



यंदाच्या मदतनिधीसाठी सर्वांत जास्त पसंती मिळालेली कल्पना म्हणजे 'एका शेतकरी कुटुंबाला एक दुभती गाय'. विदर्भातल्या एखाद्या घरी आपल्या पैशातून गाय जावी, मुलांना दूध मिळावं, दोन पैसे हातात यावेत, असं कोणाला वाटणार नाही? कार्यकारिणीने मला म्हटलं, "डॉक्टर, तुमचं आयुष्य गाईंमध्ये गेलं, तर यावर चार शब्द बोला." म्हणून उभा आहे. कल्पना चांगली आहे. पण चेक लिहिण्याआधी एक हिशेब तुमच्यापुढे मांडू द्या. सुरुवात महाराष्ट्रातून न करता आपण राहतो त्या अमेरिकेतूनच करतो.

१९४४ साली अमेरिकेत दुभत्या गाई होत्या सुमारे २ कोटी ५६ लाख. त्यांचं वर्षाचं दूध होतं सुमारे ५,३०० कोटी किलो. २०२३ साली गाई उरल्या ९४ लाखांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. आणि दूध? दहा हजार कोटी किलोच्या वर! गाई निम्म्याहून कमी आणि दूध जवळजवळ दुप्पट. एका गाईचा हिशेब काढला तर १९४४ची गाय वर्षाला दोन हजार किलोंच्या थोडं वर दूध द्यायची. आजची गाय अकरा हजार किलोंच्या जवळ देते. आपल्या ग्रोसरीच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा दिवसाला दीड गॅलन, आज साडेसात गॅलनच्या पुढे.

हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, "वा, काय गाय आहे!" माझं म्हणणं असं, की गाईकडे बघण्याआधी तिच्यामागे काय उभं आहे ते बघा.

पहिली गोष्ट मोजमाप. १८९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातलं फॅट मोजायची सोपी पद्धत काढली. तोवर पाणी घातलेलं दूध आणि सकस दूध यांना एकच भाव. बॅबकॉकच्या पद्धतीने कोणाचं दूध कसं आहे ते कळू लागलं, आणि थोड्याच वर्षांत मिशिगनमध्ये शेतकऱ्यांनी एकत्र येऊन प्रत्येक गाईचं दूध मोजून वहीत लिहायला सुरुवात केली. कोणती गाय आपल्याला पोसते आणि कोणत्या गाईला आपण पोसतो, हे वही सांगू लागली.

दुसरी गोष्ट पैदास. १९३८ साली न्यू जर्सीत कृत्रिम रेतनाची इथली पहिली सहकारी संस्था निघाली. तोवर प्रत्येक गोठ्याला स्वतःचा वळू लागायचा आणि तो चांगला आहे की नाही हे त्याच्या मुली व्यायल्यावर कळायचं. पुढे १९४९ साली इंग्लंडमध्ये वीर्य गोठवून टिकवण्याची रीत सापडली. मग एका उत्तम वळूच्या हजारो मुली देशभर होऊ लागल्या, आणि वहीतल्या नोंदींमुळे उत्तम कोण ते आधीच ठाऊक होतं. नोंदीच नसत्या तर वाईट वळूचाही तेवढाच प्रसार झाला असता.

तिसरी गोष्ट वैरण, मक्याचा मुरघास आणि अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूण घास. चौथी, रोगराईचा बंदोबस्त. गाईंमधल्या क्षयाविरुद्ध इथे १९१७ पासून सरकारी मोहीम चालली. पाचवी, वीज. १९३०च्या दशकात इथल्या दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. ती आली तेव्हा दूध थंड ठेवता आलं, आणि थंड दूध दूरच्या बाजारात जाऊ लागलं.

म्हणजे बघा, गाईचं दूध पाचपट झालं त्यामागे वही, रेतन, वैरण, डॉक्टर, वीज आणि रस्ता एवढं सगळं आहे. यातलं एक जरी काढून घेतलं तर तीच जातिवंत होल्स्टीन गाय मालकाला कर्जात घालेल.

आता याची दुसरी बाजूही सांगतो, कारण अमेरिकेचं सगळंच उचलावं असं नाही. १९९२ साली इथे परवानाधारक दुधाचे गोठे होते सुमारे १ लाख ३१ हजार. २०२३ साली उरले २६ हजारांच्या आसपास. आमच्या विस्कॉन्सिनच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'अमेरिकाज डेअरीलँड' असं लिहिलेलं असतं. त्या राज्यात २००४ साली पंधरा हजारांवर गोठे होते, २०२४ मध्ये साडेपाच हजारांच्या जवळपास. गाईंची संख्या मात्र साधारण तेवढीच, बारा-साडेबारा लाख! गाई कुठे गेल्या नाहीत, माणसं गेली. देशातल्या निम्म्याहून अधिक गाई आता हजारावर गाई असलेल्या गोठ्यांत आहेत. दुधात पहिला नंबरसुद्धा १९९३ साली विस्कॉन्सिनकडून कॅलिफोर्नियाकडे गेला.

दूध फार झालं की भाव पडतो, भाव पडला की शेतकरी तोटा भरून काढायला आणखी दूध काढतो. या चक्रात लहान गोठा आधी बसतो. १९८६ साली तर दूध कमी करण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन कळपच्या कळप धंद्यातून बाहेर काढले. दरम्यान लोकांची प्यायची सवयही बदलली. १९७५ पासून माणशी पिण्याचं दूध जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि चीज मात्र तिपटीच्या आसपास गेलं. शिवाय त्याच त्या वळूंमुळे रक्तही अरुंद झालं. इथल्या जवळजवळ सर्व होल्स्टीन वळूंची पितृवंशावळ १९६०च्या दशकात जन्मलेल्या दोन वळूंपर्यंत जाऊन पोचते. अकरा हजार किलो दुधाची किंमत कोणीतरी मोजली आहे, हे विसरू नये.

आता भारत. आपल्या देशाने वेगळी वाट धरली. १९५०-५१ साली भारताचं दूध होतं १ कोटी ७० लाख टन. १९९८ साली आपण अमेरिकेला मागे टाकून जगात पहिले झालो, आणि २०२३-२४ मध्ये आकडा सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर गेला. पण इथे हजार-हजार गाईंचे गोठे नाहीत. दारात दोन-तीन जनावरं, सकाळ-संध्याकाळ किटलीतून संकलन केंद्रावर जाणारं चार-सहा लिटर दूध, असं कोट्यवधी घरांचं मिळून ते झालं आहे. आणि त्यात म्हशींचा वाटा फार मोठा, हे लक्षात ठेवा.

ज्यांच्या नावाने ही क्रांती ओळखली जाते ते वर्गीस कुरियन इथल्याच मिशिगन स्टेट विद्यापीठातून १९४८ साली शिकून परत गेले. ऑपरेशन फ्लड १९७० साली सुरू झालं तेव्हा युरोपातून भारताला दूध पावडर आणि बटर ऑइल दान मिळत होतं. ते फुकट वाटलं असतं तर आपल्याच शेतकऱ्याच्या दुधाचा भाव कोसळला असता. म्हणून त्या पावडरीचं दूध करून ते शहरांत विकलं, आणि आलेल्या पैशातून संकलन केंद्रं, चिलिंग प्लँट, टँकर आणि सहकारी संघ उभे केले. दान खाऊन संपलं नाही, त्याची साखळी झाली. देणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर मनात ठेवावं.

महाराष्ट्रालाही याचा मोठा वारसा आहे. भिलवडीची चितळे डेअरी १९३९ची. मुंबईतले तबेले हलवून गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली ती १९४९ साली, दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने. त्यांना १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोल्हापूरचा 'गोकुळ' संघ निघाला, नंतर वारणा आला. आणि मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू करून कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. गाय घेऊन दवाखान्यात चालत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि गाईच्या माजाची वेळही टळते. माणूस मोटरसायकलवर दारात आला की दोन्ही वाचतं. किती साधी गोष्ट, पण त्यावरच सारं अवलंबून असतं.

पण हे झालं बरंचसं पश्चिम महाराष्ट्रात, जिथे ऊस आहे, उसाचं वाढं आहे, कालव्याचं पाणी आहे, गावोगाव डेअरी आहे. विदर्भातला कोरडवाहू कापसाचा शेतकरी यात कुठे बसतो?

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांना सवलतीत दुभत्या गाई देण्याची योजना होती. हेतूबद्दल शंका नको. पण त्याच वर्षी पी. साईनाथ यांनी गावोगाव फिरून लिहिलं, की ज्यांच्याकडे वैरण नाही, पाणी नाही, अशा घरी मोठं खाणं असलेली गाय आली, आणि तिला पोसण्याचा खर्च दुधाच्या पैशापेक्षा जास्त होऊ लागला.

हे का होतं ते पशुवैद्यक म्हणून सांगतो. भरपूर दूध देणारी गाय दिवसाला शंभर लिटरवर पाणी पिते. होल्स्टीन रक्ताच्या गाईला पंचवीस अंशांच्या वर उन्हाचा त्रास सुरू होतो, आणि यवतमाळ-वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. ती खात नाही, दूध आटतं, माजावर येत नाही. गाय वेळेवर गाभण गेली नाही की वेत लांबतं, आणि भाकड काळात सरकी ढेपेचा खर्च चालूच राहतो. त्यातून झालेलं वासरू गोऱ्हा असेल तर संकरित बैल शेतीला फारसा चालत नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे तेही एक तोंड. एखाद्या साथीत गाय दगावली तर सगळंच संपलं. २०२२ साली लम्पीने हे दाखवून दिलं.

मग गाय देऊच नये का? द्यावी, पण शेवटी द्यावी. माझी सूचना अशी.

एक, ज्या गावात रोज दूध घेणारं आणि वेळेवर बिल देणारं संकलन केंद्र पोचलं आहे, तेच गाव निवडावं. २०१६ नंतर मदर डेअरीने विदर्भात दूध संकलन सुरू केल्यावर अशी गावं मिळणं सोपं झालं आहे.

दोन, पहिला निधी वैरणीला द्यावा. चाऱ्याचं बियाणं, गावाला एक-दोन कडबाकुट्ट्या, मुरघासाच्या पिशव्या, गोठ्यावर सावली. नुसत्या कुट्टीने वाया जाणारा कडबा वाचतो.

तीन, गावातल्याच एका तरुणाला किंवा तरुणीला रेतन, लसीकरण आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं. एका गाईच्या किमतीत जमण्यासारखं हे काम शंभर गाईंना उपयोगी पडतं.

चार, घरात जे जनावर आहे त्याचंच दूध आधी वाढवावं. गावठी गाय असो की नागपुरी म्हैस, वैरण, पाणी, मीठ आणि जंतांचं औषध वेळेवर मिळालं तरी फरक दिसतो. आणि वही ठेवावी! ती वही घरातल्या बाईच्या हाती असावी, दुधाचे पैसेही तिच्याच खात्यात जावेत. धार तीच काढते, शेण तीच काढते, मग बिल दुसऱ्याच्या नावावर का?

पाच, एवढं झाल्यावर विम्यासकट गाय किंवा कालवड द्यावी, आणि एक अट घालावी. १९४४ साली, वर ज्या सालाचे आकडे सांगितले त्याच साली, डॅन वेस्ट नावाच्या इंडियानाच्या शेतकऱ्याच्या कल्पनेतून १७ कालवडी पोर्टो रिकोला पाठवण्यात आल्या. ही संस्था आज हेफर इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. त्यांचा नियम असा, की ज्याला गाय मिळाली त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. घेणाराही देणारा होतो. आपल्याकडच्या स्वाभिमानी शेतकऱ्याला हे नक्की पटेल.

मंडळी, फोटोत गाय छान दिसते, कडबाकुट्टी दिसत नाही. गळ्यात हार घातलेली गाय, शेजारी हसतं कुटुंब, असा फोटो स्मरणिकेत आला की आपल्यालाही समाधान वाटतं. लसीकरण करणाऱ्या पोराचा फोटो तेवढा गोड येणार नाही. पण शंभर गाई दिल्या असं पुढच्या वर्षी सांगण्यापेक्षा, तीन वर्षांनी त्यातल्या किती गोठ्यात आहेत, किती पुन्हा व्यायल्या, आणि घरात खर्च जाऊन महिन्याला किती उरलं, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की हे तीन आकडे दरवर्षी सभासदांपुढे मांडावेत.

दारातल्या टेबलावर देणगीचे फॉर्म आहेत. त्यात 'गाय' आणि 'गोठा' असे दोन रकाने आहेत. गाईसाठी जरूर द्या, पण त्याआधी गोठ्याच्या रकान्यात काहीतरी लिहा.