दगडाचं स्वतःचं उत्तर

श्रोतेहो, मी बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. त्यामुळे पदार्थविज्ञानावर मी बोलणं म्हणजे सुताराने सोन्याचं मोल करण्यासारखं आहे. पण कविता लिहिणाऱ्याचा रोजचा व्यवहार शब्दांशी असतो, आणि शाळेच्या विज्ञानातले काही शब्द मला कायम खुणावत आले आहेत. स्थितिस्थापकता, पृष्ठताण, केशाकर्षण. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. शब्द आधी भेटतो, वस्तू भेटतच नाही.

खरं तर वस्तू घरातच असते. वाटीभर पाण्यावर टिपकागदाचा तुकडा ठेवा, त्यावर कोरडी सुई अलगद आडवी ठेवा. कागद भिजून बुडतो, सुई वर राहते. पोलाद पाण्याहून पावणेआठ पट जड, तरी सुई तरंगते. कारण पृष्ठभागावरचे पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि तो पृष्ठभाग ताणून बसवलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. हाच पृष्ठताण. आता साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. ताण कमी होतो, सुई तळाशी जाते. आमच्या अम्माला हा शब्द ठाऊक नव्हता, पण खरकट्या भांड्यांच्या पाण्यात साबण पडला की तेलाचा तवंग कसा पांगतो, हे ती रोज बघत होती.

असंच बघणारी एक मुलगी जर्मनीत होती, आग्नेस पॉकेल्स. जन्म 1862 चा. त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. घरकाम सांभाळत तिने स्वयंपाकघरातच पत्र्याच्या पन्हळीत पाणी घेऊन साबण आणि तेल पृष्ठताणावर काय परिणाम करतात ते मोजलं. 1891 मध्ये तिने ते लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञांना पत्राने कळवलं. त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठवलं आणि ते त्याच वर्षी छापूनही आलं. तिच्याकडे पदवी नव्हती, स्वतः केलेली मोजमापं मात्र होती.

आता आमच्या मोहल्ल्यातली गोष्ट. शेजारची नववीतली मुलगी एकदा प्रयोगवही घेऊन आली. प्रयोग होता दगडाची घनता काढण्याचा. नदीकाठचा काळा दगड तिने तानकाट्याला टांगला, भरला 120 ग्रॅम. मग तो पाण्यात पूर्ण बुडवला, तळाला लागू दिला नाही, तेव्हा काटा 78 वर आला. घट 42 ग्रॅमची, म्हणजे दगडाने 42 घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. 120 भागिले 42, उत्तर आलं साधारण 2.86. पोरीने तीनदा करून पाहिलं होतं.

‘‘चाचा, सर म्हणतात, मागच्या वर्षीच्या वहीत 2.6 आहे, तेवढंच लिही. पण मागच्या वर्षी दगड दुसरा होता ना?’’

श्रोतेहो, मला तिच्या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची घनता साधारणपणे पाण्याच्या 2.8 ते 3 पट असते. तिचं उत्तर तिच्या दगडाने दिलेलं होतं, आणि ते खोडून दुसऱ्या दगडाचं उत्तर लिहायला तिला सांगितलं जात होतं. वहीतली आकृती सुबक, आकडे जुळलेले, सही झालेली, आणि मूल शिकलं काय? तर डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा साहेबाला हवं ते लिहावं. असं शिकलेली मुलं पुढे पुलाचं सिमेंट तपासतील, रक्ताचे अहवाल लिहितील. तेव्हा आकडा कुठून येईल?

आकडा चुकू शकतो, हे मान्य. दगडाला हवेचा बुडबुडा चिकटला, काटा शून्यावर नसला, तर चुकतो. मग कारण शोधावं, पुन्हा मोजावं. प्रयोगाचा अर्धा अभ्यास त्या शोधण्यातच आहे. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, ‘‘बेटा, तुझे तिन्ही आकडे वहीत राहू देत.’’ तिने ते राहू दिले. दोन गुण गेले.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक तानकाटा, दोरा, बादलीभर पाणी पुरे. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला अंगणातला एखादा दगड उचलून आणू द्या, मोजू द्या, आणि उत्तर किती यायला हवं ते मात्र आधी सांगू नका.