स्वयंसेविकेचा वेळ कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गावात तरुण मुलामुलींचा स्वयंसेवक गट कसा चालवावा, यावर बोला असं मला सांगितलंय. हजेरी कशी ठेवायची, शिबिराचा खर्च कसा मांडायचा, हे तुमच्यातल्या कित्येकींना माझ्याहून चांगलं येतं. म्हणून त्यातलं एकच घेते. स्वयंसेवक म्हणजे आपला वेळ देणारा. पण ज्या मुलीचा वेळ तिचा नाहीच, तिनं द्यायचा कुठून?

आमची गावं सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. पाणी ओसरलं तेव्हा घराघरात चिखल, कुजलेलं धान्य, भिजलेली वह्यापुस्तकं. कुणी न बोलावता पोरंपोरी फावडी-घमेली घेऊन आली. आमच्या महिला संघटनेनं त्यांना एकत्र बसवलं आणि गट सुरू झाला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कोण बाळंतीण आहे, याची यादी गटाकडे तयार होती.

तसा हा मुलूखच स्वयंसेवकांचा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना इथलीच. त्यांच्या मुलीची, हौसाताई पाटलांची गोष्ट मी गटाला नेहमी सांगते. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकोचं सोंग केलं. पोलीस तिकडे गुंतले आणि साथीदारांनी ठाण्यातली हत्यारं पळवली. रस्त्यात बाईला मारणं इतकं रोजचं, की त्यावर कुणाला संशय येत नाही! पोरं हसतात, मुली हसत नाहीत. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. गावात मात्र भाषणं होतात ती अजूनही बहुतेक पुरुषांच्याच शौर्याची.

तर गटाची वेळ पोरांनी ठरवली होती, रविवारी सकाळी, जागा तालमीसमोरचा कट्टा. तीनचार महिन्यांत हजेरीत मुलींच्या नावापुढे फुल्याच फुल्या. गावातले शहाणे म्हणाले, मुलींना सामाजिक कामाची आवड नसते. आम्ही दोघीतिघी घरोघर गेलो. आवड आहे का, हे विचारलंच नाही. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं. पाणी भरणं, झाडलोट, शेण काढणं, भाकऱ्या, धाकट्याची आंघोळ. रविवार तर सगळ्यात वाईट. आठवड्याचं धुणं, न्हाणं, आणि घरात मटण शिजायचं म्हणून वाटण वाटायचं. सुट्टीचा दिवस कुणाचा, ते पाट्यावरवंट्याजवळ उभं राहिलं की कळतं.

हे आमच्याच गावचं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आणि ते करणारे पुरुष तरी किती? शंभरात सव्वीस. बायका शंभरात एक्क्याऐंशी.

मग वेळ बदलली. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी तीन ते पाच. जागा प्राथमिक शाळेचा व्हरांडा, कारण तालमीसमोर बसलेली मुलगी संध्याकाळपर्यंत गावभर झालेली असते. पाचला बैठक मोडायची म्हणजे मोडायचीच, भले विषय अर्धा राहो. आईला सांगितलेली वेळ पाळली, तरच पुढच्या शनिवारी मुलगी येते. पोरांना हे सुरुवातीला पटत नव्हतं. त्यांना काय, दिवेलागणीनंतरच त्यांच्या चर्चा रंगात येतात.

मुली आल्या. पण आल्यावर काय? पोरं ट्रॅक्टरवर, मुली खराट्याला. पोरं तहसीलदारांना निवेदन द्यायला, मुली त्या निवेदनाचं सुवाच्य अक्षर काढायला. चहा तर मुलींनीच करायचा, हे कुणी ठरवावंही लागलं नाही. तेव्हापासून कामं चिठ्ठ्या टाकून वाटतो. ज्याच्या नावावर चहा निघेल त्यानं चहा करायचा, भांडी विसळण्यासकट. एका पोराची आजी भांडायला आली, ‘माझ्या नातवाला तुम्ही बायकी करून टाकणार.’ तिला म्हटलं, आजी, बसा, चहा घ्या, त्यानंच केलाय. प्यायल्या. साखर कमी आहे म्हणाल्या.

आता जरा अवघड गोष्ट. बाहेरून प्रशिक्षणाला येणारा एक माणूस गटातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्री-बेरात्री मेसेज पाठवू लागला. तिनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं आम्हाला. बातमी फुटल्यावर गावाचा पहिला उपाय काय? मुलींना गटात पाठवू नका. दुसरा उपाय, त्याला चारचौघांत माफी मागायला लावा आणि मिटवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण नोकरदार बायकांपुरता समजतो. पण त्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही येते. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे अंतर्गत समिती हवीच. दहाहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आमच्या संघटनेनं गट सुरू केला त्याच वर्षी समिती नेमली होती. अध्यक्ष बाई, निम्म्याहून जास्त बायका, एक सदस्य बाहेरची. तक्रार लेखी घेतली, चौकशी केली, त्या माणसाचं येणं बंद केलं आणि त्याच्या संस्थेला लेखी कळवलं. मुलगी अजून येते. आणि लक्षात ठेवा, अठराच्या आतली मुलगी किंवा मुलगा असेल तर २०१२ चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागतो. तिथे गावात मिटवायचा प्रश्नच येत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं. तुमच्यातल्या किती जणींच्या युवा गटासाठी अशी समिती आहे? हात वर करू नका, घरी गेल्यावर बघा.

आणखी एक सावधगिरी. स्वयंसेवक फुकट असतो, म्हणून सगळ्यांना हवा असतो. ग्रामपंचायतीतून विचारणा आली, मुलांकडून गटारं साफ करून घेता का? पूर आला तेव्हा केली. पण एरवी ते सफाई कामगाराच्या मजुरीचं काम आहे, तिथे आम्ही नाही म्हटलं. स्वयंसेवा या शब्दानं बायकांना किती लुबाडलंय ते आपल्याला माहीत आहे. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आशा २००५ मध्ये आली. दोघींना पगार नाही, मानधन. ‘तुम्ही स्वयंसेविका, तुम्ही कर्मचारी नाही.’ अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला २०२२ साल उजाडलं. आमच्या गटातल्या मुलींना मी हे सांगतेच. आज हौसेनं जे करताय, त्यावर उद्या कुणी तुमची नोकरी ‘सेवा’ म्हणून भागवणार असेल, तर ओळखता आलं पाहिजे. म्हणून तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं संघटनेकडून. २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालंय, तरी निम्मं तिनं खिशातून का घालावं?

गटाचं सगळ्यात मोलाचं काम निराधार बायकांचे अर्ज. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूदाखला, आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं. विधवा बाई चारदा हेलपाटे घालते नि सोडून देते. मुलीच्या हातात मोबाईल असतो, ती कागद लावून देते. काम शिकायला वर्ष जातं. आणि नेमकं तेव्हा लग्न ठरतं. दर उन्हाळ्यात गटातल्या तयार मुली जातात. सरकारच्या २०१४ च्या युवा धोरणात युवकाचं वय १५ ते २९ आहे. पण आपल्याकडे लग्न झालं की बाविसाव्या वर्षी मुलगी ‘युवक’ राहत नाही, सून होते. तिचा नवरा मात्र तिशीपर्यंत युवा मंडळाचा अध्यक्ष.

आपल्या मुली जातात तशा दुसऱ्या गावच्या मुली सुना होऊन आपल्याकडे येतात, हे आम्ही आता धरून चाललोय. त्यातल्या कुणी माहेरी शिबिरं केलीत, कुणी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होत्या. त्यांना शनिवार जमत नाही, कारण त्या दिवशी पोरं लवकर घरी येतात. त्यांच्यासाठी मंगळवारी दुपारी दोन ते साडेतीन, सासूबाईंची झोपायची वेळ. सध्या तिघी येतात, एकीच्या कडेवर बाळ असतं. अर्जांची पिशवी आता त्यांच्याकडे आहे. बाकी दोघींच्या सासवांशी बोलणं चालू आहे, परवा त्यातल्या एकीकडे जायचंय.