पाहुणे कमी करू नका, फुलं कमी करा

(मंडळाच्या महिला विभागाच्या श्रावणातील हळदीकुंकू समारंभात केलेलं भाषण)



लग्नात जेवणाच्या टेबलावर मधोमध काय मांडायचं, हा आजचा विषय. फळ्यावर तो वाचून दोघीतिघींनी विचारलं, यावर भाषण कसलं करायचं? म्हणून आधी घडलेली हकिगत सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकीच्या मुलीचं लग्न इथेच बडोद्यात झालं. जेवणाला 24 गोल टेबलं, प्रत्येकावर 8 माणसं. डेकोरेटरने मधल्या फुलदाणीचे टेबलामागे 1,200 रुपये सांगितले. म्हणजे नुसत्या फुलदाण्यांचे 28,800. घरात वही निघाली आणि हिशोब फिरत फिरत निमंत्रणाच्या यादीवर येऊन थांबला. चार टेबलं कमी केली तर? चार टेबलं म्हणजे 32 माणसं. आणि यादीतून पहिली नावं खोडली गेली ती दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातल्या शेजाऱ्यांची. ‘हल्ली कुठे जाणं-येणं आहे?’ असं म्हणून.

आमची मैत्रीण रात्री फोनवर रडली. दुसऱ्या दिवशी आम्ही सातजणी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, पाहुणे कमी करू नका, फुलं कमी करा. टेबलं आमच्याकडे सोपवा.

आपल्या पंगतीला मध्य नव्हता. मधून वाढपी जायचे. म्हणून सजावट ताटाभोवती असायची: रांगोळीची महिरप, केळ्याच्या तुकड्यात खोवलेली उदबत्ती. आता गोल टेबल आलं आणि मधली जागा मोकळी पडली. ती भरायला आपल्याकडे काय आहे, असा विचार करताना रुखवत आठवलं. मुलीकडच्या बायका महिनोन्‌महिने खपून करतात आणि ते एका कोपऱ्यात मांडलेलं असतं. पाहुणे येता-जाता एक नजर टाकतात, झालं. तेच रुखवत वाटून टेबलांवर का ठेवू नये?

तसंच केलं. 24 टेबलांना 24 वस्तू. सुपारीची बाहुला-बाहुली, सजवलेले नारळ, भातुकलीची चूल, मण्यांची फुलं. सप्तपदीची सात पावलं सात टेबलांवर ठेवली, तर मुलं ती शोधत मांडवभर फिरली आणि त्यांच्यामागे त्यांच्या आयासुद्धा.

आता कृती सांगतो. बहुतेक गोष्टी आम्ही चुकूनच शिकलो आहोत.

पहिली गोष्ट उंचीची. आमचा पहिला नमुना काचेच्या उंच बरणीत निशिगंधाचा होता. दिसायला देखणा, पण समोर बसलेल्या जावेचं तोंड दिसेना. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. सजावट मनगटाच्या वर जाऊ देऊ नका. पसाराही बेताचा हवा, नाहीतर ताट-वाटीला जागा उरत नाही. निशिगंधाचा वास जेवणावर चढतो, म्हणून तो दारात बरा.

दुसरी गोष्ट फुलांची. मोगरा संध्याकाळपर्यंत तांबूस पडतो. तो गजऱ्यातच शोभतो. टेबलाला झेंडू आणि शेवंती. दोन्ही दिवसभर टिकतात. खंडेराव मार्केटात पहाटे जाऊन घ्या. देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि फुलं तीन-चार तास बादलीत गार जागी ठेवा.

तिसरी गोष्ट, फुलं कशात खोवायची? फुलवाल्यांकडचा तो हिरवा स्पंज आणू नका. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. त्याचा चुरा होतो, पण तो कुजत नाही. करवंटीत किंवा मातीच्या वाटीत ओली वाळू भरा, त्यात शेवंती घट्ट उभी राहते. करवंटी डुगडुगते, म्हणून तिच्याखाली जुनी बांगडी ठेवा. लग्न झालं की वाळू कुंडीत आणि फुलं खतात.

चौथी गोष्ट दिव्याची. उघडी पणती पंख्याखाली विझते. आपल्या गावात यावर उपाय तयार आहे. नवरात्रात मिळणारा जाळीचा मातीचा गरबा. त्यात छोटी मेणबत्ती ठेवली की ज्योत हलत नाही आणि भोकांतून टेबलाच्या कापडावर उजेडाची नक्षी पडते. मात्र घरी पूजलेला गरबा घेऊ नका. नवा, न पूजलेला घ्या. नवरात्र सरल्यावर तो स्वस्तही मिळतो. तेल घालू नका, कापडावर डाग पडतो. खाली स्टीलची ताटली ठेवा आणि हॉलमध्ये ज्योत चालते का, ते आधी विचारून घ्या.

पाचवी गोष्ट खालच्या कापडाची. आम्ही विकत काही आणलं नाही. विरलेल्या इरकली लुगड्यांचे काठ कापून, शिवून लांब पट्ट्या केल्या. केळीचं पान अंथरायचं असेल तर आधी विस्तवावरून अलगद फिरवा. मऊ पडतं, फाटत नाही.

फुलं, गरबे, मेणबत्त्या, दोरा असं सगळं मिळून 2,900 रुपये लागले. टेबलामागे सव्वाशेसुद्धा नाही. पण खरं सांगायचं तर नुसते पैसे मोजू नका, दिवसही मोजा. आम्हा सातजणींना पाच दुपारी लागल्या आणि लग्नाच्या सकाळी तीन तास. एकटीने हे करायला जाऊ नये. वधूच्या आईने तर मुळीच नाही. तिला त्या दिवशी दुसरी कामं असतात.

आणि वाड्यातल्या शेजाऱ्यांचं काय झालं? खोडलेली नावं पुन्हा लिहिली. रुखवतासाठी मैत्रिणीने स्वतःच्या लग्नातली ट्रंक उघडली होती. त्यात मण्यांचा एक हंस निघाला. चोच तुटलेली, पण मणी शाबूत. चोच नव्याने ओवून तो अकराव्या टेबलावर ठेवला. जेवायला बसताना वाड्यातल्या काकूंनी तो उचलला, उलटा करून गाठ पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘ही माझी गाठ आहे गं. तुझ्या लग्नाला मीच केला होता.’’ मैत्रिणीला ते आठवतही नव्हतं. याच काकूंचं नाव आपण खोडलं होतं, हे तिला आठवलं. ती काही बोलली नाही. काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्यांच्याच पंक्तीला जेवली.

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होईल. त्याआधी गणपती आहेत. मखर करणाऱ्या हातांना टेबल काही जड नाही. विसर्जनानंतर मखराचं कापड, जर, कागद टाकू नका. मंडळाच्या कपाटात एक खण रिकामा केला आहे, तिथे आणून द्या. आमचे 24 गरबे आणि काठाच्या पट्ट्याही तिथेच आहेत. ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी घेऊन जावं, धुऊन परत आणावं. आणि वाळू भरायला बोलवा, आम्ही येऊ.