खाडीकांठचें कुंपण

ठाण्याच्या पूर्वेस, खाडीलगत कोपरी वसली आहे. तेथें परसाला लोखंडी कुंपण घालणारा गृहस्थ बहुधा नळीची जाडी पाहतो. परंतु कुंपणाचें आयुष्य जाडीइतकेंच लेपावर अवलंबून असतें. खाऱ्या, दमट हवेंत लोखंड लवकर गंजतें. रंगाला चीर गेली कीं गंज रंगाखालीं पसरतो. वरून तुकतुकीत दिसणारा खांब आंतून पोखरला जातो, आणि मुलें टेकतात त्या दिवशीं कोसळतो.

यावर खात्रीचा उपाय जस्ताचा. सुमारें ४५० अंश सेल्सियस उष्ण असलेल्या जस्ताच्या रसांत चौकट बुडविली म्हणजे जस्त लोखंडाशीं एकजीव होतें. पुढें ओरखडा पडला तरी आधीं जस्त झिजतें व लोखंड वांचतें. मात्र कापणें, भोकें पाडणें, सांधे जोडणें हीं कामें बुडविण्यापूर्वींच उरकावींत. मागाहून जोडलेला सांधा उघडा राहतो.

खांब बहुधा जमिनीच्या रेषेशीं कुजतो. तेथें पाणी सांचूं नये म्हणून पायथ्याच्या काँक्रीटला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि पोकळ खांबाच्या माथ्यावर टोपण बसवावें. पावसाळ्यापूर्वीं सांधे व पायथे निरखणें हीच खरी राखण होय.