मुक्कामाचा एक दिवस
(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात दिलेले भाषण)



शंभर वर्षांच्या या संस्थेविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी एकदा येथे एका दिवसाचा पाहुणा होतो. त्या दिवसाचे ऋण आज जाहीरपणे मान्य करावे, म्हणून उभा आहे.

1995 च्या मार्गशीर्षात, नुकताच एम. ए. झालेला मी, कोल्हापुराहून येझदी मोटारसायकलीवर कन्याकुमारीला निघालो होतो. आंबोलीचा घाट उतरून, बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरलो आणि पेडण्याच्या अलीकडे क्लचची केबल तुटली. गॅरेजमधला तरुण म्हणाला, "उद्या शुक्रवार. म्हापशाच्या बाजाराला जाईन, तेव्हा केबल आणीन." आणि तो मला आपल्या थोरल्या काकांच्या घरी घेऊन गेला. काका निवृत्त मास्तर. माझे नाव विचारण्याआधी त्यांनी पाय धुवायला पाणी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचे लोणचे पुढे आले. मी संकोचलो, तेव्हा मास्तरांनी नार्व्याची हकीकत सांगितली. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडले. देव नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्याला आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. "आमच्या मुलखात देवसुद्धा वस्तीला आले," मास्तर हसले, "तुम्ही कसला संकोच करता?"

सोप्यावर त्यांच्या मातोश्री मराठी पोथी वाचीत होत्या. वाचून झाल्यावर सुनेशी मात्र कोकणीत बोलल्या. विद्येच्या ताज्या अहंकाराने मी विचारले, "मग आजी, तुमची खरी भाषा कोणती?" घर एकदम गप्प झाले. आजी म्हणाल्या, "घरांत कोंकणी, पोथयेंत मराठी. दोगांयकूय घरांत जागो आसा."

त्या शांततेचे कारण मला दुपारी कळले. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा संमत झाला. कोकणी राजभाषा झाली, आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्याआधीच्या आंदोलनात मास्तर मराठीच्या बाजूला उभे राहिले, धाकटे बंधू कोकणीच्या. गॅरेजमधला तरुण त्या धाकट्यांचा मुलगा. दोघा भावांत तेव्हापासून बोलणे नव्हते. माझ्यासाठी तो प्रश्न केवळ अभ्यासाचा होता. त्या आईसाठी तो दोन मुलांचा होता.

दुपारी मास्तर मला याच वाचनालयात घेऊन आले. मोठ्या मेजाच्या दुसऱ्या टोकाला धाकटे बंधू मराठी वृत्तपत्र वाचीत बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही. वाचून झाल्यावर अंकाची नीट घडी घातली आणि तो मेजावरून थोरल्या भावाकडे सरकवला. मास्तरांनी तो उघडला. "रोजचेच आहे हे," परतताना ते म्हणाले. अधिक काही बोलले नाहीत.

रात्री आम्ही जत्रेला गेलो. दशावतारात राजा मराठीत गर्जत होता, संकासुर आपल्या बोलीत त्याची फजिती करीत होता. दोघे भाऊ मांडवाच्या दोन बाजूंना बसले होते. हसत होते मात्र एकाच वेळी.

शनिवारी गाडी सुरू झाली. तरुणाने केबलच्या किमतीहून एक पैसा अधिक घेतला नाही. आजींच्या पाया पडलो, पण माझ्या प्रश्नाची क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही. आज त्या घरातील वडीलधारे कोणी हयात नाहीत. ती क्षमा मी येथे मागतो.

1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजाला शाळा, वाचनालये काढण्याची मोकळीक मिळाली. त्या उमेदीतून अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाटांत किती ग्रंथ आहेत, हे अहवालात येईलच. बोलणे तुटलेल्या दोघा भावांना या मेजाने रोज एकत्र बसविले, ही नोंद मात्र कोणत्याही अहवालात नसेल. ती या स्मरणिकेत राहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.