नाल्याचा नकाशा बायांनाही दाखवा
(मुंबईतील वस्ती-बैठकीतील भाषण)



घरात पाणी शिरलं की धान्य वर उचलतं कोण? चिखल काढतं कोण? संडास तुंबला की दिवसभर कळ सोसतं कोण? आपणच. मग नाल्याची योजना आखताना आपल्याला का विचारत नाहीत?

मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही ओहोटी धरून बांधलेली. ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा, असं 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ साली सांगितलं. काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुठे कामाला वेग आला.

भरतीला समुद्र नाल्यात शिरतो. तो दारं लावून अडवला, तर आतलं पाणी उपसावं लागतं. म्हणून हाजी अली, इर्ला इथे पंप बसले. पण गल्लीतलं गटारच गाळाने भरलं असेल, तर पाणी पंपापर्यंत पोचणार कसं?

कुठल्या कोपऱ्यात आधी पाणी भरतं, किती वेळ राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते लिहून काढू. भिंतीवर खूण करू. माहिती अधिकारात नालेसफाईचा हिशेब मागू. नकाशा मंजुरीआधी वस्तीत मांडा, असं वॉर्ड ऑफिसला सांगू.

आणि नाला रुंद करताना घरं जाणार असतील, तर आधी पर्यायी घर, तेही नवरा-बायको दोघांच्या नावावर. पाणी हटवायचंय, माणसं नव्हे!